मान्सूनची नाडी पाहणारा गणिती

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. रोज हजारो माणसे तिथून जातात, रिक्षावालेही लगेच ओळखतात. पण सिमल्याचे ऑफिस पुण्यात कशाला, असे फारसे कुणी विचारत नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९०५ पासून सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्यात आले आणि पुणेकरांनी त्याला जुन्या गावाचेच नाव दिले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नाव मात्र इथेच राहिले.

आजची गोष्ट या खात्याचे सिमल्यातले साहेब सर गिल्बर्ट वॉकर यांची आहे. ते डॉक्टर नव्हते. हवामानशास्त्रही ते रीतसर शिकलेले नव्हते. तरीही सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला हा माणूस आपल्याच धंद्यातला वाटतो. का, ते सांगण्यासाठी आधी एका रुग्णाची हकिकत सांगतो.

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते. त्याच दिवसांत आमच्या वॉर्डात दुष्काळी भागातल्या एका बाईंना तापाने फणफणलेल्या अवस्थेत आणले. अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका, प्लेटलेट कमी झालेल्या. तपासणीत डेंगी निघाला. माझ्याबरोबरचा निवासी डॉक्टर चक्रावला. कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब नाही, डबकी नाहीत, मग डास आला कुठून? उत्तर बाईंच्या मुलाने दिले. टँकर आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून घरातले ड्रम, रांजण, पिंप, हंडे सगळे भरून ठेवतो. डेंगीचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे पाणी होते म्हणून नव्हे, तर पाणी नव्हते म्हणून डास झाले होते.

आता ही साखळी मागे न्या. ड्रम भरले, कारण टँकर रोज येत नव्हता. टँकर लागला, कारण विहिरी आटल्या होत्या. विहिरी आटल्या, कारण २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे दगा देऊन गेले होते. आणि २०१५ चा पाऊस कमी पडण्यामागे हजारो मैल दूर, पेरूच्या बाजूला प्रशांत महासागराचे तापलेले पाणी हे एक मोठे कारण होते. वॉर्डातल्या खाटेपासून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या या साखळीचा मधला दुवा ज्याने प्रथम नीट मोजला, तो माणूस म्हणजे वॉकर.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी झाला. शाळेपासूनच गणितात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८८९ मध्ये ते तिथल्या प्रसिद्ध गणित परीक्षेत पहिले आले. या यशाची किंमतही त्यांनी मोजली. १८९० मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की पुढचे तीन हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे हा गणिती बर्फावर स्केटिंग करायला शिकला आणि आयुष्यभर त्याचा शौकीन राहिला.

वॉकर यांचे कुतूहल चारी दिशांना धावणारे होते. हवेत फेकलेले बूमरँग परत का येते, याचे गणित त्यांनी मांडले. केंब्रिजच्या हिरवळीवर ते स्वतः बूमरँग फेकत, म्हणून मित्रांनी त्यांना तेच टोपणनाव दिले होते. बासरी कशी घडवली म्हणजे सूर नेमका लागेल, याचाही त्यांनी अभ्यास केला. पंख न हलवता पक्षी तासन्‌तास कसा तरंगतो, हे कोडेही त्यांना पडले होते. पुढे सिमल्याच्या ॲनाडेल मैदानावर हवामान खात्याचे महासंचालक बूमरँग फेकताना लोकांना दिसत.

असा माणूस भारतात आला कसा? त्यामागे दुष्काळ आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. पन्नास लाखांहून अधिक माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या पटकी, देवी, हिवताप अशा रोगांनी मेली. हवामान खाते नुकतेच १८७५ मध्ये स्थापन झाले होते. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमकुवत होतो, असे निरीक्षण त्यांनी मांडले आणि त्यावरून १८८६ पासून पावसाचे अंदाज देणे सुरू झाले.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी अंदाजात आणखी घटक घेतले. पण १८९९ मध्ये अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला तो दुष्काळ. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून आजही ज्याचे नाव घेतात, तोच हा दुष्काळ. खात्यावर टीकेची झोड उठली. निवृत्त होताना इलियट यांच्या लक्षात आले होते, की हे काम नुसत्या निरीक्षकाचे नाही, इथे पक्का गणिती हवा. म्हणून त्यांनी हवामानाचा अनुभव नसलेल्या वॉकर यांची निवड केली. जानेवारी १९०४ मध्ये वॉकर यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

वॉकर यांच्यापुढचा पेच कोणत्याही डॉक्टरला ओळखीचा वाटेल. रोगी समोर आहे, रोगाचे मूळ कारण ठाऊक नाही, आणि तरीही पुढे काय होणार हे नातेवाइकांना सांगायचे आहे. वातावरणाचे भौतिकशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. मान्सून का बिघडतो हे सूत्रात बसवणे शक्य नव्हते. वॉकर यांनी प्रामाणिकपणे ते मान्य केले आणि दुसरी वाट धरली. कारण माहीत नसेल तर निदान लक्षणे तरी मोजू. कोणते लक्षण आधी दिसले की मागून पाऊस कमी पडतो, ते आकड्यांनाच विचारू.

यासाठी त्यांनी तेव्हा नवे असलेले सहसंबंधाचे गणित हाताशी घेतले. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात, किती घटतात, हे एका आकड्यात सांगणारी ही पद्धत आज वैद्यकाच्या प्रत्येक संशोधनात वापरली जाते. जगभरच्या वेधशाळांकडून हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी सिमल्यात जमा होऊ लागल्या. संगणक नव्हतेच. खात्यातले भारतीय कर्मचारी हातांनी हे आकडे मांडत, गुणाकार-भागाकार करत, पुन्हा तपासत. पुढे या कामाचे श्रेय वॉकर यांच्या नावावर जमा झाले, पण त्या हजारो बेरजा करणारे हात आपल्याकडचे होते, हे विसरता कामा नये.

१९१० च्या सुमारास वॉकर यांनी मान्सूनच्या अंदाजासाठी जे घटक निवडले, ते वाचून तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. हिमालयातला बर्फ त्यात होताच. पण मॉरिशसचा हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस आणि थेट अर्जेंटिना-चिली इथला हवेचा दाब हेही होते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पेरणीचा ब्युनोस आयर्सशी काय संबंध? वॉकर म्हणत होते, संबंध आहे, कसा ते अजून कळलेले नाही.

या वाटेवर ते अगदीच एकटे नव्हते. ऑस्ट्रेलियात आणि भारतात दुष्काळ बरोबरच पडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स टॉड यांच्या १८८८ मध्येच लक्षात आले होते. स्वीडनच्या हिल्डेब्रांडसन यांना सिडनी आणि ब्युनोस आयर्स इथला दाब उलटसुलट हलताना दिसला होता. पण हे सुटे मणी होते. वॉकर यांनी त्यांची माळ ओवली.

१९२३-२४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो. इकडे वाढला की तिकडे घटतो. झोपाळ्याच्या फळीची एक बाजू वर गेली की दुसरी खाली यावी, तसे हे चालते. या आंदोलनाला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले. आपल्या बाजूला दाब जास्त राहिला की पाऊस रुसतो. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांवरची आणखी दोन आंदोलनेही त्यांनी दाखवून दिली. हवामान हे देशादेशांचे वेगवेगळे खाते नसून साऱ्या पृथ्वीचे एकच शरीर आहे, ही गोष्ट प्रथमच आकड्यांत उतरली.

इथे वॉकर यांच्या एका गुणाचा मुद्दाम उल्लेख करायला हवा. शेकडो आकड्यांच्या जोड्या तपासल्या, तर त्यांतली एखादी जोडी निव्वळ योगायोगानेही जुळलेली दिसणारच. म्हणून असा सर्वांत मोठा सहसंबंध कितपत खरा मानायचा, याची कसोटी त्यांनी १९१४ मध्येच मांडली. आज औषधांच्या चाचण्यांत हवे ते आकडे उचलून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा धडा पुन्हा गिरवावा असा आहे. उत्तर-पश्चिम भारतातला पाऊस घटल्याने हवामान कायमचे बदलले का, याचीही त्यांनी त्या काळात छाननी केली. जंगलतोड, कालवे अशी कारणे लोक देत होते. तेव्हाच्या नोंदींत त्यांना कायमच्या बदलाचा पुरावा सापडला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. लोकांना काय ऐकायचे आहे, याकडे त्यांनी पाहिले नाही.

याच माणसाने भारताला आणखी एक मोठी देणगी मिळवून देण्यात हातभार लावला. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले असताना तिथल्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. महिना तीस रुपयांवर काम करणारा तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्याची शिफारस केली आणि रामानुजन यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली. आकड्यांच्या ढिगात दडलेले रत्न ओळखण्याची नजर त्यांना होती, हेच खरे.

वॉकर सिमल्यात असतानाच एक असे वर्ष आले, ज्यात हवामान आणि आरोग्य यांची गाठ किती घट्ट असते ते साऱ्या देशाने अनुभवले. १९१८ हे अल निनोचे वर्ष. पावसाने दगा दिला, मुंबई इलाख्यात पिके करपली, धान्य महागले. जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला होताच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची दुसरी लाट उपाशी, अशक्त माणसांवर कोसळली. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. विषाणू साऱ्या जगात तोच होता, पण आपल्याकडे तो रिकाम्या पोटांवर आला.

त्याच काळात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर रिकार्ड ख्रिस्तोफर्स हे पंजाबातल्या १९०८ च्या हिवतापाच्या साथीचा अभ्यास करत होते. १९११ च्या अहवालात त्यांनी दाखवले, की मृत्यूंचा आकडा नुसत्या पावसावर ठरत नाही. टंचाई आणि धान्याची महागाई यांनी माणसे खंगलेली असताना जोराचा पाऊस आला, की मृत्यू वाढतात. एक गणिती समुद्रापासून पावसापर्यंतचा रस्ता शोधत होता, एक डॉक्टर पावसापासून तापापर्यंतचा. पुढे अनेक दशकांनी संशोधकांनी हे दोन रस्ते जोडून पाहिले, तेव्हा पंजाबातल्या जुन्या साथींचा अल निनोशी संबंध दिसून आला.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात १९३४ पर्यंत ते हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. पण ज्या कामाला त्यांनी वीस वर्षे दिली, त्याच्याकडे समकालीनांनी शंकेनेच पाहिले. कारण न सांगता नुसते संबंध दाखवणे हे शास्त्र कसे, असा आक्षेप होता. अंदाजाच्या सूत्रांनीही पुढे पाहिजे तशी साथ दिली नाही. काही सहसंबंध काळाच्या ओघात कमजोर पडले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वॉकर गेले. मृत्युलेखातही या कामाविषयीचा सूर अपुऱ्या राहिलेल्या आशेचाच होता.

योगायोग असा, की ते गेले तेव्हाच उत्तर तयार होत होते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळले गेले आणि समुद्र व वातावरण यांची कधी नव्हे इतकी मोजमापे झाली. नेमका त्याच वेळी मोठा अल निनो आला होता. ती माहिती वापरून कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये कोडे सोडवले. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागराचे गरम पाणी पश्चिमेला इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा तापून वर चढते, ढग दाटतात, आणि वरच्या थरातून वाहत जाऊन ती पेरूच्या थंड किनाऱ्यापाशी खाली उतरते. अल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेला पसरते, हवा चढण्याची जागाही तिकडे सरकते आणि आपल्या बाजूला हवा खाली दाबली जाते. पेरूचे कोळी ज्या गरम पाण्याला पिढ्यान्‌पिढ्या नाताळच्या बाळाचे नाव देत होते, ते आणि वॉकर यांचा झोपाळा ही एकाच यंत्राची दोन अंगे निघाली. हवेच्या या चक्राला बियर्कनेस यांनी ‘वॉकर चक्र’ असे नाव दिले.

हा संबंध अटळ नाही, हेही सांगायला हवे. १९९७ मध्ये फार मोठा अल निनो असूनही भारतात पाऊस ठीक झाला. हिंदी महासागराची स्वतःची हालचालही मान्सूनला सावरते किंवा बिघडवते, हे त्यानंतर कळले. तब्येत बिघडण्याची शक्यता वाढणे आणि ती बिघडणारच असे असणे, यांत फरक आहे. रक्तदाब वाढलेल्या प्रत्येकाला झटका येत नाही, म्हणून आपण रक्तदाब मोजणे सोडत नाही.

मग या ज्ञानाने जीव वाचतात का? इथे मला दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. १८७७ चा आणि १९७२ चा. दोन्ही अल निनोच्या वर्षांतले, दोन्हींत महाराष्ट्र होरपळला. १९७२ मध्ये तर एकीकडे पेरूच्या समुद्रातली अँचोव्ही मासळी कोसळत होती आणि दुसरीकडे आपल्याकडे विहिरी कोरड्या पडत होत्या. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. खडी फोडायला गेलेली माणसे, मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो. हाल झाले, जनावरे गेली, पण १८७७ सारखी माणसे रस्त्यावर मेली नाहीत. १८७७ मध्ये देशात माणसे मरत असताना बंदरांतून धान्य बाहेर जात होते. १९७२-७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर ऐन भरात पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, हातात मजुरी होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. आकाशातली साखळी दोन्ही वेळी सारखीच होती. तिचा जमिनीवरचा शेवटचा दुवा माणसांच्या हातात होता आणि एकदा तो वेळेवर तोडला गेला.

आज वॉकर यांच्यापाशी नव्हते ते सारे आपल्याकडे आहे. उपग्रह आहेत, समुद्रातले तरंगते मापक आहेत, एप्रिलमध्येच पावसाचा अंदाज मिळतो. त्यात पृथ्वी तापते आहे, त्यामुळे समुद्राच्या जुन्या सवयीही बदलू शकतात. पण अंदाज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून पेरणीच्या चर्चेपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. तो आमच्या औषधभांडारापर्यंत, आरोग्य केंद्राच्या फवारणीच्या वेळापत्रकापर्यंत, अंगणवाडीच्या वजनकाट्यापर्यंत क्वचितच पोचतो. पाऊस कमी पडणार हे जूनआधी कळले, तर पुढच्या उन्हाळ्यात साठवणीच्या पाण्यातून डेंगी येईल, दूषित पाण्याने जुलाब-कावीळ वाढेल, पोरांची वजने घटतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तयारीला तब्बल दहा महिने मिळतात. वॉर्डात हे दहा महिने मिळाले तर मी सोने मानीन.

घरच्या पातळीवरही करण्यासारखे आहे. टंचाईत पाणी साठवावेच लागते, त्याला इलाज नाही. पण प्रत्येक ड्रम, रांजण कापडाने किंवा घट्ट झाकणाने बंद ठेवा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडे रिकामे करून आतून घासा, कारण डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात. पिण्याचे पाणी वेगळे ठेवून उकळा किंवा त्यात क्लोरीन टाका. घरात मीठ-साखरेच्या क्षारांची पाकिटे असू द्या. ताप दोन दिवसांपलीकडे गेला तर मनाने गोळ्या घेऊ नका, दवाखाना गाठा.

त्या बाई आठ दिवसांत बऱ्या होऊन घरी गेल्या. निघताना त्यांच्या मुलाला मी ड्रमवर जुने धोतर बांधायला सांगितले. त्याने मान डोलावली, मग विचारले, डॉक्टर, यंदा पाऊस पडेल का? मी म्हणालो, अंदाज चांगला आहे. सिमल्याच्या टेबलावर आकडे मांडत बसलेल्या त्या माणसालाही वीस वर्षे लोक हेच विचारत होते.